अर्धी दोरी

त्या घरात माणूस आलं की झाड लागायचं. जन्माने येवो, लग्नाने येवो, दत्तक येवो, आल्या वर्षी त्याचं संत्र्याचं कलम बागेत लागलंच पाहिजे, आणि मग त्या झाडाची निंदा-स्तुती जन्मभर त्या माणसाने ऐकून घ्यायची. "यंदा जावयाला फळ बारीक धरलंय," असं जावयाच्या तोंडावर म्हटलं जायचं. तोही बिचारा, आपलंच काही खाण्यापिण्यात चुकलं असावं तसा, मान खाली घालून चहा प्यायचा.

ही रीत सासऱ्यांची. जमीन घेतली तेव्हा मुलं शाळेत जाणारी होती. सासऱ्यांनी एक जाड वळलेली दोरी आणली, वीस फूट मोजून तिच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्या, पहिलं झाड बायकोचं लावलं, दोरी ताणून दुसरं स्वतःचं लावलं, आणि तिसऱ्याचा खड्डा खणायच्या आधीच ते गेले. दोरी खुंटीवर गेली. पुढे अंगणातली कपडे वाळत घालायची तार तुटली, तेव्हा त्या दोरीचा अर्धा तुकडा कापून तिथे बांधण्यात आला, आणि उरलेल्या अर्ध्याने बाकीची सगळी बाग मोजून लागली. मोजून लागली, हे महत्त्वाचं. त्या घरात कुणी काही अंदाजपंचे करत नसे.

बरं, जागा नव्हती म्हणावं तर तसंही नाही. बागेच्या कडेने चांगली रुंद पट्टी रिकामी पडली होती, पण तिथे जायला कुणाची तयारी नव्हती. जो तो म्हणायचा, मला आईशेजारी लावा. चुलत, मावस, आते, मामे, सगळी नाती खांद्याला खांदा लावून मधोमध उभी होती. नणंद, म्हणजे ताई, लहानपणी आईबापांच्या मध्ये झोपायची. तिचं झाडही बरोबर दोघांच्या मध्ये लागलं.

या बागेचा सगळा भार होता थोरल्या सुनेवर. तिचा नवरा गणिताचा मास्तर. बागेतलं त्याला एवढंच कळे की संत्रं आधी सोलायचं असतं. धाकटा दीर टेम्पो चालवायचा आणि फळं उतरवायच्या दिवशी तेवढा उगवायचा. आळी करणं, पाणी देणं, पाठीवर पंप बांधून फवारणी करणं, हे सगळं सुनेच्या गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. बागेत निदान उलट कुणी बोलत नसे.

तिला खुपायची एकच गोष्ट. लग्न होऊन आली त्या वर्षी तिचं कलम सासूबाईंनी स्वतः जागा दाखवून लावून घेतलं होतं, पुढच्याच ओळीत, आपल्या झाडाला अगदी चिकटून. "सून हाकेच्या अंतरावर असलेली बरी," असं त्या म्हणाल्या होत्या. सुनेने त्याचा अर्थ तेव्हाच ओळखला आणि मनात गाठ मारून ठेवली: ही बाई झाडावरसुद्धा पहारा ठेवणार. घरात पहारा होताच. दूध उतू गेलं का, दार लावलं का, माहेराहून आज फोन आला का. आता बागेतही.

आणि मग बागेला दृष्ट लागावी तसं झालं. आधी पानांवर काजळी धरली. तिला कोळशी म्हणतात. काळ्या माशीच्या चिकट घाणीवर ती बसते आणि फळंसुद्धा कोळशाच्या पोत्यातून काढल्यासारखी दिसायला लागतात. सुनेने फवारणी केली. पुन्हा केली. वरची पानं चकचकीत झाली आणि आतली तशीच राहिली. मग एका सकाळी सासूबाईंच्या झाडाच्या खोडातून डिंक ओघळताना दिसला. साल फुगून फाटली होती. सासूबाईंनी तो डिंक बोटावर घेतला, पदराला पुसला, आणि एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणाऱ्या त्या तशाच घरात निघून गेल्या.

झाडांचे डॉक्टर बोलावले. उंच, सडपातळ माणूस, डोक्यावर टोपी. बागेत शिरताना ताठ होते, तिसऱ्या झाडापाशी वाकले, सातव्यापाशी टोपी फांदीला अडकली, आणि सासूबाईंच्या झाडापर्यंत पोचले तेव्हा ते चक्क रांगत होते. बाहेर आले ते भिजून.

"पाऊस नाही, पाणी नाही, मी भिजलो कशाने?" त्यांनी विचारलं.

"दव आहे ते," सून म्हणाली.

"जेवायची वेळ झाली बाई. दव अजून?" त्यांनी बाही पिळली. "ही बाग लावली कुणी?"

"आम्हीच. मोजून लावली."

"जवळ लावणं हा काही गुन्हा नाही. झाडं लहान असताना उलट फायदा असतो, जागा वाया जात नाही, फळ लवकर हाती येतं. पण फांदी फांदीला टेकली की मधली झाडं काढायची, नाहीतर दर वर्षी कडक छाटणी करून प्रत्येकाला आपल्या जागेत ठेवायचं. तुम्ही काय केलंत?"

"आम्ही कौतुक केलं," सून म्हणाली. "छाटून घ्यायची सवय आमच्याकडे कुणालाच नाही."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते ओल्या बाहीआड घातलं. मग समजावून सांगितलं. आत वारा नाही, ऊन नाही, त्यामुळे पानं दिवसभर ओली आणि बुरशीची चंगळ. फवारा बाहेरच्या पानांवरच संपतो. किडीला उडायचीसुद्धा गरज नाही, ती आपली चालत शेजारी जाते. म्हाताऱ्या झाडाला झालाय तो डिंक्या. साल खरवडून मोरचूद आणि चुन्याचा लेप लावा, पण खोडाला हवा लागली नाही तर लेप लावून काही उपयोग नाही.

"बहाराच्या आधी एकाआड एक झाड काढा," ते म्हणाले. "आणि शेजारच्या ओळीत बरोबर उलट. बुद्धिबळाच्या पटासारखं. पांढरी घरं ठेवायची, काळी रिकामी करायची, म्हणजे राहिलेल्या प्रत्येकाला चारी बाजूंनी हवा. म्हातारं झाड ठेवायचं असेल तर त्याच्यापासूनच मोजायला सुरुवात करा. उशीर केलात तर पहिलं तेच जाईल, आणि त्याच्यामागे बाकीची."

त्या संध्याकाळी अंगणात सगळ्यांना चहाला बोलावलं. ताई आली, तिचा नवरा आला, दीर टेम्पोसकट आला, चुलत मंडळी आली. सुनेने सगळं सांगितलं. सगळ्यांना पटलं. इतकं पटलं, की जो तो दुसऱ्याला समजावून सांगायला लागला. आईचं झाड वाचलंच पाहिजे, यावर तर कुणाचं दुमतच नव्हतं. कुणाचं झाड काढायचं, एवढाच काय तो किरकोळ प्रश्न उरला, आणि तो येताच प्रत्येकाला घरी काहीतरी गॅसवर ठेवल्याची आठवण झाली. सासूबाई कोपऱ्यात बसून बशीतून चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, "तिला करू द्या. तिला कळतं." सुनेला वाटलं, वाईटपणा माझ्या पदरात टाकून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने एक जुनी लाल चादर फाडली आणि काढायच्या झाडांना चिंध्या बांधायला निघाली. सासूबाईंच्या ओळीत काही अडचण नव्हती. सासूबाई राहिल्या, ताईला चिंधी, सासरे राहिले, पुढच्या आतेसासूला चिंधी. मग तिची स्वतःची ओळ आली. हिशोब सरळ होता: सासूबाईंचं झाड राहणार तर त्याला चिकटलेलं हिचं जाणार. सून तिथे जरा थांबली. झाडाला त्या वर्षी फळ छान धरलं होतं. इतक्या वर्षांत या घरात तिने मागून घेतलेलं असं काही नव्हतं, आणि हे झाडही तिने मागितलेलं नव्हतं, पण होतं मात्र तिचं. ओळीतल्या झाडांची संख्या सम होती. मग ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडून मोजायला लागली. तिकडून मोजलं की तिचं झाड राहत होतं. या बाजूने मोजताना ऊन डोळ्यांवर येतं, असं सबळ कारणही तिने स्वतःला दिलं.

संध्याकाळी मास्तर फिरत फिरत बागेत आला. त्याने हात मागे बांधून चिंध्यांकडे पाहिलं.

"ही एक ओळ उलटी मोजलीयस," तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला बागेतलं काय कळतं?"

"बागेतलं नाही कळत." तो हात तसेच मागे बांधून घरी गेला, आणि ती रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी ती बागेत गेली तर ताईच्या झाडावरची चिंधी जावयाच्या झाडावर गेलेली. ठीक आहे, नवरा-बायकोचा आपसातला मामला. दुसऱ्या दिवशी ती जावयावरून दिरावर गेली होती, आणि दिराची एका चुलत भावावर. तिसऱ्या दिवशी चुलत भावाच्या झाडावर तीन होत्या आणि तो ओट्यावर येऊन विचारत होता, की मला तीनदा कापणार आहात का. सुनेने सगळ्या चिंध्या सोडवून पुन्हा जागच्या जागी बांधल्या. कुणाला विचारावं तर कुणी बागेत फिरकलंच नव्हतं. वाऱ्याने उडाल्या असतील, असं ताई म्हणाली. ज्या बागेत वारा शिरत नाही म्हणून ही सगळी भानगड, तिथे वारा गाठी सोडून नव्याने बांधत होता.

आणि मग त्या आठवड्याच्या शेवटी ती गेली, तर बाग पुन्हा हिरवीगार. एकाही झाडावर लाल चिंधी नाही. ओळीमागून ओळ बघत ती आत शिरली, वाकली, रांगली, आणि आपल्या झाडापाशी येऊन थांबली. सगळ्या चिंध्या तिथे होत्या. खालपासून वरपर्यंत, हात पोचेल तिथे, लालच लाल.

तिला आधी हसू आलं. मग डोळ्यात पाणी आलं, आणि त्याचा तिला राग आला. एकाने ठरवून केलं असतं तर भांडता आलं असतं. पण गाठी वेगवेगळ्या होत्या. ही ताईची, दुहेरी. ही दिराची, टेम्पोच्या मालाला बांधतात तशी. प्रत्येकाने गुपचूप येऊन विचार केला होता, की हिच्या झाडाला एक बांधली तर काय बिघडतं, ती काही बोलायची नाही. खरंच, ती कधी काही बोलली नव्हती. खाली, अगदी बुंध्याशी, एक चिंधी पांढरी होती. मास्तरच्या रुमालाची. गाठ सैल होती. त्याला बुटाची नाडीसुद्धा नीट बांधता येत नसे.

तिने मागे वळून पाहिलं. मास्तरच्या स्वतःच्या झाडालाही तसाच अर्धा रुमाल बांधलेला होता, पटाच्या हिशोबाने बरोबर जागी. म्हणजे त्याने स्वतःला वाचवायला हिच्यावर ढकललं नव्हतं. त्याने फक्त ओळ बरोबर केली होती. तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच, कारण त्या सगळ्या चिंध्यांमध्ये खरी तेवढी एकच होती.

ती घरी आली, करवत घेतली आणि परत गेली.

झाड कापणं हे रागाच्या भरात करायचं काम नाही. करवत अडकते. निम्म्यात पोचेपर्यंत तिचा राग संपला होता आणि काम उरलं होतं. तिने आधी फांद्या उतरवल्या, मग बुंधा. शेवटी झाड कडकडत कलंडलं, पण पडायलाही जागा नव्हती. ते दिराच्या झाडाच्या गळ्यात पडलं. तिने ते ओढून खाली घेतलं. आणि वर पाहिलं तर आभाळाचा एक मोठा तुकडा दिसत होता. ऊन सरळ आत आलं होतं आणि सासूबाईंच्या झाडाच्या खोडावर, त्या डिंकाच्या ओघळावर, पडलं होतं.

"अगंबाई, माझ्या झाडाला केवढं ऊन आलं," मागून आवाज आला. सासूबाई धुतलेल्या कपड्यांची बादली हातात घेऊन उभ्या होत्या. आवाज ऐकून तशाच आल्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि पडलेल्या बुंध्यावर बसल्या.

सुनेला दम लागला होता, आणि दम लागला की माणूस खरं बोलतं. "आता पहारा कुणावर ठेवाल, आई?"

"कसला पहारा?"

"माझं झाड इथे लावलंत ते कशाला मग? नजरेखाली राहावं म्हणूनच ना?"

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "मला घरातून तुझं फळही दिसत नव्हतं, नजरेचं काय घेऊन बसलीस. तू आलीस तेव्हा किती हळू बोलायचीस. या घरात सगळे कर्णे. मला वाटायचं, ही पोर लांब राहिली तर हिचं काही मला ऐकूच यायचं नाही, आणि हिला काय झालं ते कळेपर्यंत ही निघून जायची."

सून करवत धरून उभी राहिली.

"आणि दोरी," सासूबाई म्हणाल्या.

"दोरीचं काय?"

"दोरी मीच कापली होती."

"कपड्यांसाठी. माहितीय की."

"कपडे काय, कुंपणावरही वाळतात." त्या हाताने डिंक चाचपत होत्या. "हे गेले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. त्या दोरीने मोजायला गेलं की एकेक पोर कुठल्या कुठे लांब जायचं. मला ते बघवेना. म्हटलं, जवळ जवळ असू देत सगळी. कुणाला सांगितलं नाही, तार तुटली म्हणून सांगितलं. तारही मीच तोडली."

या बाईचा इतकी वर्षं आपण उगाच राग राग केला, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं, आणि तिला ते सांगायचं होतं. पण त्या दोघींची तशी सवय नव्हती.

"म्हणजे हा रोग तुम्ही आणलात तर," ती म्हणाली.

"मीच. डॉक्टरांना सांगू नकोस."

दोघी हसल्या. मग सुनेने सांगून टाकलं, की आपली ओळ आपण मुद्दाम उलटी मोजली होती. सासूबाई म्हणाल्या, "ते मला चष्म्याशिवायही दिसलं होतं." आणि बादली उचलून कपडे कुंपणावर घालायला गेल्या.

दुपारपर्यंत बातमी पसरली. एकेक जण बागेत येऊ लागला, आणि त्या रिकाम्या जागेपाशी येऊन उभा राहू लागला. ताईने सुनेचा हात धरला. "वहिनी, मी एकच बांधली होती गं."

"मीपण एकच," दीर म्हणाला.

"सगळ्यांनी एकेकच बांधली," सून म्हणाली. "झाडंही आपण एकेकच लावली होती."

दीर टेम्पोतून दुसरी करवत घेऊन आला. ताईने आपल्या झाडावरचं शेवटचं फळ तोडून घेतलं, त्याचा वास घेतला, थोडी रडली, आणि मग फांदी धरून उभी राहिली ती काम संपेपर्यंत. मास्तरने पट आखून दिला आणि स्वतःचं झाड कापताना करवत अशी काही धरली, की सगळ्यांनी त्याला प्रेमाने बाजूला बसवलं. सासूबाईंच्या झाडाला साल खरवडून सुनेने निळसर लेप लावला. बहार येईपर्यंत डिंक वाळला, जखमेच्या कडेने नवी साल धरू लागली, आणि फवारा पहिल्यांदाच आतल्या पानांपर्यंत गेला. डॉक्टर पाहायला आले ते ताठ चालत आत गेले आणि टोपीसकट बाहेर आले.

ज्यांची झाडं गेली त्यांना नवी कलमं द्यायची होती. जागा एकच होती, कडेची पट्टी. सुनेने कुणाला न विचारता पहिला खड्डा तिथे आपल्यासाठी खणला, आणि व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, मला वहिनीशेजारी लावा. दीर म्हणाला, मीही तिथेच. चुलत भाऊ म्हणाला, माझ्यावर तीन चिंध्या होत्या, माझा हक्क आधी. इतकी वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेल्या त्या कडेला भांडणाचा आवाज पार घरापर्यंत पोचला.

सून अंगणात गेली आणि कपड्यांची दोरी सोडली. खुंटीवरचा अर्धा तुकडा काढला, दोन्ही एकत्र बांधले, आणि ओढून पाहिलं. मधल्या गाठीत थोडी दोरी गेली होती. तेवढं तिने टोकाला नवा तुकडा जोडून भरून काढलं. मास्तरने फूटपट्टीने मोजून वीस फूट झाल्याचं सांगितलं.

"कुणाचंही असो, या दोरीच्या अलीकडे लागणार नाही," तिने जाहीर केलं. "शेजारी कुणाला यायचंय ते आपसात ठरवा. दुसरं टोक कोण धरतंय?"

दुसरं टोक सासूबाईंनी धरलं. त्या पट्टीवरून चालत निघाल्या, दोरी त्यांच्या मागे सुटत गेली. मधली गाठ सुनेच्या हातातून सुटून गेली. त्या जरा थांबल्या, मागे पाहिलं, आणि पुन्हा चालायला लागल्या. इकडच्या टोकाची गाठ सुनेच्या हातात आली तेव्हा त्या वळून उभ्या राहिल्या. दोरी अजून सैल होती, मधून जमिनीला टेकलेली.

"ऐकू येतंय का गं?" त्यांनी विचारलं. मोठ्याने नाही, ओट्यावर बसून विचारावं तसं.

"येतंय, आई," सून म्हणाली, तीही हळूच.

सासूबाईंनी मान हलवली आणि आपल्या टोकाची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मग ताण."